गेम

गेम हा शब्द मला आश्रमशाळेत भेटला. दुपारच्या शेवटच्या तासाला सर शिट्टी मारून "चला, गेम!" म्हणायचे, की आम्ही पोरं कबड्डीला पळायचो. गेम म्हणजे खेळ, एवढीच समज.

दहावीनंतर 1972 च्या वन्यजीव कायद्याची एक फाटकी इंग्रजी प्रत हाती आली. त्यात जनावरांच्या याद्यांना 'बिग गेम', 'स्मॉल गेम' अशी नावं! मी चक्रावलो. सरांकडे गेलो. ते म्हणाले, साहेब लोक शिकारीच्या जनावराला गेमच म्हणतात, रानात असो की ताटात. लायसन काढलं की ते मारायची मुभा. ही लायसनं पुढे 1991 च्या दुरुस्तीत गेली.

मला बा आठवला. बहात्तरच्या दुष्काळानंतरची गोष्ट. घरात भगर संपलेली, बाने तीरकामठ्याने एक ससा पाडला. गार्डाने धरलं. दिवसभर उन्हात बसवून ठेवलं, घरच्या दोन कोंबड्या नेल्या. ससा पुरावा म्हणून नेला, तो कुणी खाल्ला देव जाणे. लायसनवाल्याचा तो गेम झाला असता. बाचा गुन्हा झाला. बाला लायसन हा शब्दसुद्धा माहीत नव्हता.

तसं हे जुनंच. जेम्स आउट्रम नावाचा इंग्रज अधिकारी 1825 साली खान्देशात आला, त्याने भिल्लांची पलटण उभी केली. वाघाच्या शिकारीचा त्याला भारी नाद. रान दाखवायला, माग काढायला बरोबर भिल्लच. त्यांच्यावाचून साहेबाला वाघ दिसला नसता. आपल्या मराठीतही राजे शिकार 'खेळतात'. आमच्यातला माणूस मात्र पोटासाठी रानात जातो, त्याला खेळ कसं म्हणावं?

आता मोलगीच्या बाजारात या शब्दाला तिसराच अर्थ आलाय. उन्हाळ्यात बाया कैऱ्या सोलतात, फोडी वाळवतात, आमचूर डोक्यावर घेऊन डोंगर उतरतात. व्यापारी मूठभर उचलून म्हणतो, "ओला आहे," आणि भाव पाडतो. माल परत डोंगरावर कोण नेणार? परवा माझी सून रिकामी पाटी घेऊन घरी आली. मी विचारलं, काय भाव लागला?

"काय सांगू आबा," ती म्हणाली, "गेम झाला."