न वापरलेली हार्ड डिस्क आणि अभिलेखांचे दीर्घकालीन जतन : परभणी जिल्ह्याच्या संदर्भात

प्रस्तावना
इतिहासलेखनात प्राथमिक साधनांचे महत्त्व अनन्यसाधारण आहे. परंतु साधन कितीही मौलिक असले, तरी ते वाचता आले नाही तर त्याचा उपयोग शून्य होय. जुने दप्तर हार्ड डिस्कवर उतरवून ती कपाटात ठेवली की जतन पूर्ण झाले, असा समज आज रूढ आहे. प्रस्तुत लेखात या समजाची चिकित्सा केली आहे.

कागदी दप्तराचा अनुभव
परभणी जिल्हा 1948 पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. 1 नोव्हेंबर 1956 रोजी तो द्विभाषिक मुंबई राज्यात आणि 1 मे 1960 रोजी महाराष्ट्रात समाविष्ट झाला. राज्ये बदलली, बरेचसे दप्तर मात्र जिल्ह्यात तसेच राहिले. 7 सप्टेंबर 2023 रोजी शासनाने न्या. संदीप शिंदे (निवृत्त) यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली आणि मराठवाड्यात कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला. त्यासाठी जुने महसुली अभिलेख, जन्म-मृत्यूच्या नोंदी व शाळांची प्रवेश रजिस्टरे तपासण्यात आली. मोडी आणि उर्दूचे जाणकार शोधावे लागले; परंतु कागद वाचण्यास कोणतेही यंत्र लागले नाही. त्यातील एका ओळीवर एखाद्या कुटुंबाचा जातीचा दाखला अवलंबून होता.

हार्ड डिस्कच्या मर्यादा
परभणी मुंबई राज्यात आली त्याच 1956 साली आयबीएम कंपनीने ‘रामॅक’ ही पहिली हार्ड डिस्क यंत्रणा जाहीर केली. तिच्या 50 तबकड्यांवर सुमारे 50 लाख अक्षरे मावत. आजच्या डिस्कची क्षमता प्रचंड असली, तरी मूळ रचना फिरत्या तबकडीचीच आहे. तबकडीवरील चुंबकीय नोंद सहसा लवकर पुसली जात नाही. अधिक धोका यंत्रणेला असतो. दीर्घकाळ बंद राहिल्यास जुन्या डिस्कमधील वंगण घट्ट होऊ शकते, वाचनाचा भाग तबकडीला चिकटू शकतो, दमट हवेने सर्किट गंजते. शिवाय जोडणीची पद्धतही बदलते. 2003 च्या सुमारास आलेल्या ‘साटा’ जोडणीने जुनी ‘पाटा’ पद्धत मागे टाकली. संगीत उद्योगाकडून आलेल्या 1990 च्या दशकातील हार्ड डिस्कपैकी सुमारे एक-पंचमांश वाचता येत नाहीत, असे आयर्न माउंटन या अभिलेख-जतन करणाऱ्या कंपनीने 2024 मध्ये सांगितले.

वाळवी लागलेल्या पानाचा उरलेला भाग वाचता येतो. न फिरणारी डिस्क मात्र एकाच वेळी सारे दप्तर नाकारते.

निष्कर्ष
जतन ही एकदा करून संपणारी कृती नसून सातत्याने पार पाडावयाची जबाबदारी आहे. प्रत्येक अभिलेखाच्या किमान तीन प्रती असाव्यात व त्यांपैकी एक अन्य गावी ठेवावी. डिस्क दरवर्षी चालवून मजकूर मूळ प्रतीशी पडताळावा आणि काही वर्षांनी तो नव्या डिस्कवर उतरवावा. यासाठी महाविद्यालयांनी ग्रंथालयात नोंदवही व जबाबदार व्यक्ती निश्चित करावी. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, स्कॅनिंग झाले म्हणून मूळ कागद रद्दीत काढू नये. आपल्या आजोबांची नोंद उद्या कोणाला लागेल, हे आज सांगता येत नाही.