शेजार, विश्वास आणि मार्गगाळणी : बीजीपीच्या इतिहासाचा एक आढावा (१९८९–२०१७)

प्रस्तावना :
इंटरनेट हे एकच जाळे नसून स्वतंत्र व्यवस्थापन असलेल्या हजारो जाळ्यांचा समूह आहे. या जाळ्यांच्या सीमेवरील राउटर 'बॉर्डर गेटवे प्रोटोकॉल' (बीजीपी) या नियमसंहितेनुसार परस्परांना मार्गांची माहिती देतात. प्रस्तुत लेखात तिच्यातील शेजारसंबंध व मार्गगाळणी यांचा ऐतिहासिक आढावा घेतला आहे.

विश्वासाचा कालखंड :
जानेवारी १९८९ मध्ये कर्क लॉघीड व याकोव्ह रेख्टर यांनी बीजीपीचा आराखडा जेवणाच्या टेबलावरील कागदी रुमालांवर रेखाटला. जून १९८९ मध्ये तो 'आरएफसी ११०५' म्हणून प्रसिद्ध झाला. बीजीपीत शेजारी आपोआप ठरत नाही. दोन्ही बाजूंच्या प्रशासकांना परस्परांचा पत्ता व जाळ्याचा क्रमांक नोंदवावा लागतो. त्यानंतरच जोडणी होते. शेजारी कोण, हे अशा रीतीने निश्चित होते. परंतु तो सांगतो ते मार्ग खरोखर त्याचे आहेत काय, हे पडताळण्याची सोय मूळ रचनेत नव्हती. गाळणी लावणे प्रशासकाच्या इच्छेवर राहिले.

विश्वासाची कसोटी :
२५ एप्रिल १९९७ रोजी अमेरिकेतील ७००७ क्रमांकाच्या जाळ्याने इतरांचे असंख्य मार्ग आपलेच म्हणून जाहीर केले. शेजाऱ्याने ते न गाळता पुढे पाठविल्याने इंटरनेटचा मोठा भाग विस्कळीत झाला. २४ फेब्रुवारी २००८ ची घटना अधिक बोलकी आहे. यूट्यूब बंद करण्याच्या सरकारी आदेशानुसार पाकिस्तान टेलिकॉमने देशांतर्गत वापरासाठी तयार केलेला मार्ग बाहेर गेला आणि हाँगकाँगच्या पीसीसीडब्ल्यूने तो जगभर पोहोचविला. यूट्यूबची घोषणा १,०२४ पत्त्यांच्या गटाची, तर ही त्यातीलच २५६ पत्त्यांची होती. राउटर अधिक नेमका मार्ग निवडतो. त्यामुळे सुमारे दोन तास यूट्यूबकडे जाणारी वाहतूक भलतीकडे वळली.

गाळणीची अनिवार्यता :
ग्राहकजाळ्याला नेमून दिलेल्या पत्त्यांची यादी राउटरवर नोंदवून बाकीच्या घोषणा नाकारणे, हा यावरील जुनाच उपाय होता. जुलै २०१७ च्या 'आरएफसी ८२१२' ने मूळ गृहीतकच उलटविले : बाह्य शेजाऱ्यासाठी धोरण स्पष्टपणे नोंदविलेले नसेल, तर त्याचे मार्ग स्वीकारू नयेत व त्याला कोणतेही मार्ग कळवू नयेत.

निष्कर्ष :
चुकीच्या घोषणेची झळ बहुधा दूरच्या तिसऱ्या जाळ्याला बसते. ती रोखण्याचे सामर्थ्य मात्र चूक करणाऱ्याच्या शेजाऱ्याकडे असते. म्हणूनच मार्गगाळणी ही केवळ स्वसंरक्षणाची तांत्रिक बाब न राहता सार्वजनिक उत्तरदायित्वाची बाब ठरते, असे या इतिहासावरून दिसून येते.