पेनं, झाडं आणि ढग : रिझनिंगच्या प्रश्नांची गोष्ट

भाग सुरू करायच्या आधी एक प्रश्न. सगळी पेनं झाडं आहेत. काही झाडं ढग आहेत. म्हणून काही पेनं ढग आहेत. निष्कर्ष निघतो की नाही?

ज्यांनी एकदा तरी बँकेचा नाहीतर प्लेसमेंटचा मॉक दिलाय, त्यांनी मनातल्या मनात गोल काढलेसुद्धा असतील. पेनांचा छोटा गोल झाडांच्या मोठ्या गोलात, आणि ढगांचा गोल झाडांना कुठेतरी चाटून गेलेला. तो पेनांना लागेलच असं नाही, म्हणून निष्कर्ष निघत नाही. पाच सेकंदांचं काम. आणि ज्यांनी असला मॉक कधी दिलेला नाही, ते विचारतील, "अरे, पण पेन झाड कसं असेल?"

आजचा भाग या दुसऱ्या माणसाबद्दल आहे. कारण तो मठ्ठ आहे असं आपण पटकन धरून चालतो.

१९३१ आणि ३२ च्या उन्हाळ्यात अलेक्झांडर लुरिया नावाचे रशियन मानसशास्त्रज्ञ उझबेकिस्तानातल्या खेड्यापाड्यांत गेले. तिथे तेव्हा सामूहिक शेती आणि साक्षरतेचे वर्ग एकदमच येत होते. म्हणजे एकाच गावात कधीही शाळेत न गेलेला शेतकरी होता, आणि सहा महिने वर्गात बसलेला त्याचा शेजारीही होता. लुरिया त्यांना एक कोडं घालायचे. उत्तरेकडे जिथे कायम बर्फ असतो तिथली अस्वलं पांढरी असतात. अमुक एक जागा तशीच बर्फाळ आहे. तर तिथली अस्वलं कुठल्या रंगाची? शाळेत न गेलेले अनेक जण उत्तरच द्यायचे नाहीत. त्यांचं म्हणणं साधारण असं : मी तिकडे गेलो नाही, जो गेलाय त्याला विचारा, न पाहिलेल्या गोष्टीबद्दल मी कशाला बोलू? आणि थोडंफार शिकलेला माणूस मात्र सरळ सांगायचा, पांढरी.

लुरियांवर टीका झाली, ते तिथल्या लोकांना कमी लेखतायत असा आरोप झाला, आणि हा अभ्यास पुस्तकरूपात यायला १९७४ साल उजाडलं. त्याच सुमाराला मायकेल कोल आणि सिल्व्हिया स्क्रिब्नर हे अमेरिकन संशोधक आफ्रिकेत लायबेरियात अशीच कोडी घालत होते आणि त्यांनाही तेच दिसलं. काही वर्षांच्या शाळेने उत्तरं बदलतात. पण स्क्रिब्नर यांनी अर्थ वेगळा लावला, आणि मला तोच पटतो. हे लोक रोजच्या व्यवहारात तर्क उत्तम करतात. त्यांना नसते ती फक्त या खेळाच्या नियमांची सवय. 'मी सांगतो ते खरं धरून चाल, तुला काय माहीत आहे ते बाजूला ठेव' हा नियम कुणीतरी शिकवावा लागतो. आपल्या प्रश्नपत्रिकेत सिलॉजिझमच्या वर जी बारीक अक्षरातली सूचना असते ना, दिलेली विधानं वास्तवाशी विसंगत वाटली तरी सत्य माना, ती हीच.

(आपल्याकडच्या न्यायदर्शनात नेमकं उलट आहे, हे जाता जाता सांगतो. डोंगरावर धूर दिसतो म्हणून तिथे आग आहे, हे सिद्ध करताना त्यांच्या पाच पायऱ्यांत एक पायरी उदाहरणाची असते, जसं स्वयंपाकघरात. पाहिलेल्या जगातला दाखला द्यायलाच हवा. गौतम मुनींना पेन-झाड-ढग दिलं असतं तर त्यांनी आधी परीक्षकालाच धरला असता.)

हा भाग करायचं कारण माझी मावसबहीण. परभणीहून पुण्यात येऊन अभ्यासिकेत बसते, बँकेच्या परीक्षा देते. मागच्या महिन्यात फोनवर म्हणाली, "दादा, जीएस पाठ होतं, मॅथ्स होतं, पण रिझनिंगला माझं डोकंच नाही रे." डोकंच नाही. इतिहासाला डोकं नाही असं कुणी म्हणतं का? वाचला नाही म्हणतो. रिझनिंगच्याच बाबतीत आपण थेट कवटीवर का येतो? हे आलं कुठून, म्हणून शोधायला बसलो.

सुरुवात पॅरिसमध्ये. १९०५ साली आल्फ्रेड बिने आणि थिओडोर सिमाँ यांनी मुलांसाठी चढत्या क्रमाचे छोटे छोटे प्रश्न तयार केले. काम मर्यादित होतं : वर्गात मागे पडणाऱ्या कुठल्या मुलांना जास्तीची मदत लागेल ते ओळखायचं. बुद्धी जन्मतः ठरते आणि वाढत नाही, या कल्पनेची बिनेला चीड होती. अशा मुलांसाठी त्याने चक्क मनाचे व्यायाम सुचवले होते. म्हणजे ज्याने चाचणी बनवली तो म्हणत होता, सराव करा, सुधाराल.

पण चाचणी अटलांटिक ओलांडून अमेरिकेत गेली आणि तिचा अर्थच फिरला. १९१७ मध्ये अमेरिका महायुद्धात उतरली. रॉबर्ट यर्क्स यांच्या गटाने सैन्यभरतीसाठी घाऊक परीक्षा बनवल्या. इंग्रजी वाचणाऱ्यांना 'आर्मी अल्फा', न वाचणाऱ्यांना चित्रांची 'आर्मी बीटा'. सतरा लाखांच्या वर माणसं त्यातून गेली. अल्फाचे आठ भाग होते, आणि त्यांतले दोन ऐका : संख्यामालिका पूर्ण करा आणि समसंबंध ओळखा. ओळखीचे वाटले ना? रिझनिंगच्या जाड ठोकळ्याची पहिली दोन प्रकरणं हीच असतात. गंमत म्हणजे त्याच परीक्षेत बाजारात मिळणाऱ्या स्वयंपाकाच्या तुपासारख्या पदार्थाचं ब्रँडनाव देऊन हे काय आहे असंही विचारलं होतं. इटलीहून नुकत्याच उतरलेल्या माणसाला ते कुठून माहीत असणार? आणि निकाल मात्र 'जन्मजात बुद्धी' म्हणून मोजला.

या आकड्यांवर कार्ल ब्रिगम या प्रिन्स्टनच्या मानसशास्त्रज्ञाने १९२३ मध्ये पुस्तक लिहिलं. कुठल्या वंशाचे स्थलांतरित जास्त हुशार आणि कुठले कमी, याची उतरंड त्यात लावली. १९३० मध्ये त्याने स्वतःच जाहीर लेखात ते निष्कर्ष मागे घेतले. पण मधल्या काळात त्याच्याच हाताखाली एक परीक्षा जन्माला आली होती : सॅट. २३ जून १९२६, परीक्षार्थी ८,०४०, प्रश्न ३१५, वेळ ९७ मिनिटं. भागाकार करा, एका प्रश्नाला अठरा-एकोणीस सेकंद. त्यात संख्यामालिका होती, समसंबंध होते, तार्किक निष्कर्ष होते आणि एक 'कृत्रिम भाषा' नावाचा भाग होता : बनवलेले शब्द, बनवलेलं व्याकरण, आता भाषांतर करा. आपल्या कोडिंग-डिकोडिंगची आजीच म्हणा.

नावातला 'ए' म्हणजे ॲप्टिट्यूड, अंगभूत क्षमता. आणि अंगभूत म्हटलं की शिकवणीला जागा उरत नाही. परीक्षा घेणारे कित्येक वर्षं ठामपणे सांगत होते की सरावाने यात फार काही बदलत नाही. ब्रुकलिनमध्ये स्टॅन्ली कॅप्लन नावाचा तरुण १९३८ पासून आईवडिलांच्या घरात शिकवण्या घेत होता. १९४६ मध्ये एक मुलगी त्याच्याकडे सॅटची तयारी करायला आली. त्याने प्रश्नांचे नमुने पाहिले आणि हे शिकवता येतं हे त्याच्या लक्षात आलं. तो ज्यू स्थलांतरितांचा मुलगा होता, वैद्यकीय महाविद्यालयांनी त्याला नाकारलं होतं. त्यामुळे दारावरचं कुलूप आणि किल्ली या दोन्हींबद्दल त्याला बरीच समज असावी. पुढे त्या शिकवणीची मोठी कंपनी झाली. १९९० च्या दशकात सॅटच्या नावातून ॲप्टिट्यूड हा शब्द गुपचूप गेला, आणि २००५ मध्ये समसंबंधाचे प्रश्नही गेले.

माझा सगळ्यात आवडता पुरावा जीआरईचा आहे. १९७७ मध्ये त्यात विश्लेषणाचा नवा विभाग आणला. थोड्याच वर्षांत दिसलं की त्यातले काही प्रश्नप्रकार सरावाने भराभर सुधारतात. मग १९८१ मध्ये ते प्रकार काढून टाकले! म्हणजे ज्यांनी हे प्रश्न बनवले, त्यांच्याच आकड्यांनी 'डोकं लागतं'वाली गोष्ट मोडीत काढली. २००२ मध्ये तो सगळा विभागच गेला, त्याच्या जागी निबंध आले.

आता सीटिंग अरेंजमेंट. पाच घरं, पाच रंग, पाच देशांची माणसं, कोण पाणी पितो आणि झेब्रा कुणाकडे, हे कोडं १७ डिसेंबर १९६२ च्या 'लाइफ इंटरनॅशनल' मासिकात छापून आलं. व्हॉट्सॲपवर ते आइनस्टाइनच्या नावाने फिरतं, दोन टक्के लोकांनाच सुटतं वगैरे. आइनस्टाइनशी त्याचा संबंध जोडणारा काहीही पुरावा नाही. आमच्या क्षेत्रात हे कोडं अगदी घरचं आहे. अटी लिहून द्या, कम्प्युटर शक्यता एकेक करून खोडत जातो आणि क्षणात उत्तर देतो. चौकट आखणं, अट नोंदवणं, अशक्य ते खोडणं. माणूसही कागदावर तेच करतो, फक्त हळू.

'कागदावर' या शब्दावर थांबा जरा. अमेरिकेत कायद्याच्या प्रवेशाला एलसॅट असते. तिच्यात ३५ मिनिटांचा 'लॉजिक गेम्स' नावाचा विभाग होता. सात जण, सात खुर्च्या, अमुक तमुकच्या शेजारी बसणार नाही. चौकट न आखता तो सोडवणं जवळजवळ अशक्य. मिशिगनमधल्या एका दृष्टिहीन उमेदवाराने याविरुद्ध दावा केला. त्याचं म्हणणं सोपं होतं : तुम्ही माझा तर्क मोजत नाही, माझी चित्र काढायची क्षमता मोजताय. २०१९ मध्ये तडजोड झाली, आणि ऑगस्ट २०२४ पासून तो विभाग बंद झाला. आयोजकांनी जुने आकडे तपासून सांगितलं की तो काढून दुसरा तर्काचा विभाग घातला तरी एकूण गुणांवर जवळपास फरक पडत नाही.

आपल्याकडे ही परंपरा लवकर पोचली. डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी बिनेची चाचणी मराठी आणि कन्नड मुलांसाठी बेतली, त्यावरचं त्यांचं पुस्तक १९४० चं. मग आपली शिष्यवृत्ती परीक्षा. आधी ती चौथी-सातवीला होती, २०१७ मध्ये पाचवी-आठवीला गेली. तिच्यात विषयाचं नावच 'बुद्धिमत्ता चाचणी'. दहा वर्षांच्या पोराला बुद्धिमत्तेत कमी मार्क पडले असं घरी सांगावं लागतं. आरशातली प्रतिमा आणि घड्याळाचे काटे याला 'बुद्धिमत्ता' हे नाव कुणी दिलं असेल त्याला माझा नमस्कार. ज्या शाळेत गुरुजी संध्याकाळी जादा तास घेतात, तिथली मुलं दरवर्षी यादीत झळकतात. याचा अर्थ सगळ्या गावाला दिसतो, तरी नाव तेच.

२०११ मध्ये यूपीएससीने पूर्वपरीक्षेत सीसॅट आणला, २०१३ मध्ये एमपीएससीने. आकलन, गणित, रिझनिंग, आणि त्याचे गुण थेट निवडीत. २०१४ च्या उन्हाळ्यात दिल्लीत हिंदी आणि इतर भाषांतली मुलं रस्त्यावर आली : हा पेपर इंग्रजी माध्यमवाल्यांना आणि इंजिनियर लोकांना झुकतं माप देतो. मी इंजिनियर आहे, आणि ते खरं बोलत होते. आमची पोरं थर्ड इयरपासून कॅम्पसच्या तयारीत हेच सोडवतात. त्यात हुशारी नाही, दोन वर्षांची आघाडी आहे. तेव्हा मराठी साहित्य घेऊन बी.ए. करणारी मुलगी दुसरं काही शिकत असते. २०१५ पासून यूपीएससीने तो पेपर ३३ टक्क्यांच्या पात्रतेपुरता ठेवला, एमपीएससीनेही नंतर तेच केलं.

बहिणीला मी हे सगळं सांगितलं नाही, तिच्याकडे वेळ नव्हता. तिची वही मागवली फक्त. तिने सगळ्या अटी नीट वाक्यांत उतरवल्या होत्या, सुवाच्य अक्षरात, चौकट कुठेच नाही. तिला चौकट आखायला कुणी शिकवलंच नव्हतं. व्हिडिओ कॉलवर चार रविवार बसलो. आधी नक्की माहिती देणारी अट घ्यायची. 'किंवा' आलं की दोन चौकटी. दोन मिनिटांत एकही जागा पक्की झाली नाही तर सोडून पुढे जायचं. आता पाचातले तीन सेट तिचे वेळेत होतात. कटऑफ पार होईल का ते मला सांगता येत नाही, जागाच तितक्या कमी आहेत.

बँकेच्या पेपरात आठ जण अजून गोल टेबलाभोवती बसलेत, चार आत तोंड करून, चार बाहेर. बाहेर तोंड करून कुणी जेवायला बसतं का, हे विचारायचं नसतं.