कमी दारूचा बार : जयगडच्या कोठारापासून मॅग्नम रिव्हॉल्व्हरपर्यंत

या मालिकेत आपण कोकणातले किल्ले पाहत आलो. आज जयगडच्या निमित्ताने एका अगदी लहान प्रश्नाकडे वळू. शास्त्री नदीच्या मुखावरचा हा किल्ला १८१८ च्या जूनमध्ये इंग्रजांकडे गेला. त्याआधी इथे तोफा होत्या आणि अर्थात दारूही होती. प्रश्न असा, की बारात दारू भरायची किती?

रामचंद्रपंत अमात्यांचं आज्ञापत्र, म्हणजे १७१५ च्या सुमाराचं, दारूखाना वस्तीपासून लांब ठेवायला सांगतं. दारू वेळोवेळी बाहेर काढून वाळवा, पावसाळ्यात तोफांचे कान मेणाने बंद करा, असंही त्यात आहे. कोकणातल्या दमट हवेत हे सांगणं फार महत्त्वाचं. काळी दारू ओल धरते, आणि ओल्या दारूचा बार मापाने कितीही भरला तरी नीट उडत नाही.

आता ठासणीची बंदूक घ्या. आपल्या भागात पिकांच्या राखणीसाठी परवाना घेऊन ती बाळगणारे शेतकरी अजून आहेत. तिचा प्रत्येक बार हातानेच भरलेला. दारू ओतायची, वर छर्रे किंवा गोळी, गजाने ठासायचं, केप लावायची. दारू कमी घातली तर गोळी तेवढीच खाली बसते. मध्ये पोकळी राहत नाही. (राहिली, म्हणजे गोळी वरच अडकली, तर नळी फुगते किंवा फुटते. म्हणून तर ठासायचं!) सोपा हिशोब.

काडतूस आलं आणि हा हिशोब बिघडला. पितळी पुंगळी काही आखूड होत नाही.

.३८ स्पेशल हे रिव्हॉल्व्हरचं काडतूस अमेरिकेत १८९८ च्या सुमारास आलं, ते काळ्या दारूचं. तिला जागा भरपूर लागायची, म्हणून पुंगळी लांब. लगेचच धूरविरहित दारू वापरात आली. तिला तेवढ्याच जोरासाठी थोडीच जागा पुरे, पण पुंगळी तीच राहिली. १९३५ मध्ये .३५७ मॅग्नम निघालं, तेव्हा पुंगळी सुमारे ३ मिलिमीटरने मुद्दाम वाढवली. का, तर ते जोरदार काडतूस चुकून जुन्या रिव्हॉल्व्हरमध्ये जाऊ नये. उलट बाजूने मात्र .३८ मॅग्नमच्या रिव्हॉल्व्हरमध्ये चालतं. सरावाला लोक तेच वापरतात, आणि आमच्या मते शहाणपणही त्यातच आहे.

पण काहींना मॅग्नमच्याच पुंगळीत हलका बार हवा असतो. तिथे घात पोकळीत आहे. झटकन जळणारी दारू इतकी थोडी लागते, की एकदा ओतली की दोनदा, हे वरून पाहून कळत नाही. दोनदा पडली तर रिव्हॉल्व्हर फुटू शकतं. फारच कमी पडली तर गोळी नळीतच अडकते आणि पुढचा बार तिच्यावर आदळतो. निशाणबाजीच्या चपट्या तोंडाच्या गोळ्या .३८ मध्ये पुंगळीच्या काठापर्यंत आत बसवतात, ते याच पोकळीवरचं उत्तर. ठासणीतला गज आठवा.

बरं, हलका बार हा काही हौशी लोकांचाच विचार नाही. पहिल्या महायुद्धानंतर ब्रिटिश लष्कराने पाहिलं, की .४५५ रिव्हॉल्व्हरचा धक्का नवशिक्याला झेपत नाही, हात तयार व्हायला वेळ लागतो. म्हणून त्यांनी .३८० घेतलं. एनफिल्डचं ते रिव्हॉल्व्हर १९३२ मध्ये स्वीकारलं गेलं. त्याची काडतुसं आपल्या खडकीच्या कारखान्यातही बनली, बुडावर ‘के एफ’ अशी खूण असलेली. तो कारखाना १८६९ चा. मुद्दा असा, की साम्राज्यानेसुद्धा जोरापेक्षा नेमाला भाव दिला. आजच्या आंतरराष्ट्रीय नेमबाजीतही २५ मीटर सेंटर फायर पिस्तूल प्रकारात ७.६२ ते ९.६५ मिलिमीटरची काडतुसं चालतात, मॅग्नमला मनाई.

मग आपल्याकडे हातभरणीची परंपरा का रुजली नाही? १८७८ च्या शस्त्र कायद्याने शस्त्र बाळगणंच परवान्याच्या दावणीला बांधलं. १९५९ च्या कायद्यानेही दारूगोळा बनवायला परवाना लागतोच. त्यामुळे अमेरिकेत निवृत्त माणूस गॅरेजमध्ये जे करतो, ते इथे परवान्याशिवाय घरी करणं गुन्हा ठरतं. ठासणीचा परवाना असलेला कोकणातला शेतकरी मात्र प्रत्येक बाराला आपल्या हाताने माप घेतो, आणि त्याला कुणी हातभरणी म्हणत नाही.