नूरजहान : बादशहानंतर वाजणारी नौबत

१/ नशेत बुडालेला बादशहा आणि त्याच्या आडून राज्य हाकणारी कारस्थानी बेगम. जहांगीर आणि नूरजहान यांची कथा आपण बहुधा अशीच ऐकलेली असते. नूरजहानची सत्ता खरी होती, यात शंका नाही. पण ती खरोखर ‘आडून’ चालत होती का?

२/ मेहरुन्निसाचा जन्म १५७७ मध्ये कंदाहारजवळ, इराण सोडून हिंदुस्थानकडे निघालेल्या कुटुंबात झाला. वडील घियास बेग मोगलांच्या चाकरीत चढत गेले आणि ‘इतिमाद-उद-दौला’ झाले. पहिला पती शेर अफगाण १६०७ मध्ये बंगालमध्ये मारला गेला. १६११ मध्ये तिचा जहांगीरशी निकाह झाला. ‘नूरजहान’ हा किताब तिला १६१६ मध्ये मिळाला.

३/ तिच्या सत्तेमागे घराण्याचे बळ होते. वडील वजीर, तर भाऊ आसफ खान बडा सरदार. आसफ खानाची मुलगी अर्जुमंद बानू, म्हणजे पुढची मुमताज महल, १६१२ मध्ये शहजादा खुर्रमला दिलेली. साऱ्यांचे हित एकाच दिशेला होते.

४/ जानेवारी १६२२ मध्ये वडील वारले. कर्तबगार मुलगा हयात असतानाही त्यांचा सारा सरंजाम जहांगीरने मुलीला दिला. शिवाय बादशहाच्या नौबतीनंतर बेगमेची नौबत वाजावी, असा हुकूम केला. ही नोंद खुद्द जहांगीरच्या आत्मचरित्रात आहे. नगारे काही गुपचूप वाजत नाहीत!

५/ सोन्याचांदीच्या नाण्यांवर जहांगीरच्या जोडीने तिचे नाव आले. तिच्या शिक्क्याची आज्ञापत्रे निघाली. नाणे आणि खुतबा ही मुसलमानी राजसत्तेची दोन मुख्य चिन्हे. त्यांपैकी खुतबा तेवढा तिच्या नावाने पढला गेला नाही.

६/ मात्र घराण्याची एकजूट टिकली नाही. १६२१ मध्ये नूरजहानने आपली मुलगी लाडली बेगम हिचा विवाह धाकटा शहजादा शहरयार याच्याशी लावला. पुढच्या वर्षी इराणच्या शाह अब्बासने कंदाहारला वेढा दिला. तिकडे जाण्याचा हुकूम खुर्रमने टाळला. दूर गेलो तर तख्त हातचे जाईल, ही त्याची भीती. त्यातून उघड बंड झाले.

७/ मार्च १६२६ मध्ये झेलमच्या काठी महाबत खानाने बादशहालाच ताब्यात घेतले. नूरजहानने हत्तीवर बसून फौजेसह नदी पार करण्याचा प्रयत्न केला. तो फसला, तेव्हा ती स्वतः कैदेत पतीपाशी गेली. पण काही महिन्यांतच तिने महाबत खानाची पकड ढिली केली आणि त्याला पळ काढावा लागला.

८/ ऑक्टोबर १६२७ मध्ये जहांगीर वारला. आता आसफ खानापुढे प्रश्न होता : बहिणीचा जावई की आपला? त्याने आपला निवडला, बहिणीला नजरकैदेत ठेवले आणि खुर्रमकडे जासूद पाठवला. खुर्रम तेव्हा कुठे होता? आपल्या जुन्नरला! लाहोरजवळ शहरयारचा पराभव झाला. त्याला आंधळे करून पुढे ठार मारण्यात आले.

९/ बेगमेच्या वर्चस्वाचे वर्णन करणारा इतिहासकार मुतमिद खान पुढे शाहजहानच्या चाकरीत होता. बापाविरुद्ध केलेले बंड नव्या दरबाराला योग्य ठरवायचे होते. सारा दोष सावत्र आईवर टाकला की बाप आणि मुलगा दोघेही निर्दोष ठरतात. म्हणून बखरकार कोणाचे मीठ खात होता, हे आधी पाहावे. त्या काळच्या नाण्याला असा मागाहून खुलासा करावा लागत नाही.

१०/ नूरजहान पुढे १८ वर्षे लाहोरला राहिली, वर्षाला दोन लाख रुपयांच्या तनख्यावर. १६४५ मध्ये ती वारली. तिची सत्ता चोरटी नव्हती, उघड होती. पण ती बादशहाच्या हुकमाने मिळालेली होती. त्याची नौबत थांबली, तेव्हा तिचीही थांबली.