सुहैली आणि म्हादेई

आमचा धानोरा तालुका रानाचा. समुद्र पाहायचा तर अख्खा महाराष्ट्र ओलांडून जावे लागते. तरीही सागाच्या सावलीत वाढलेल्या माणसाला समुद्र अगदीच परका वाटू नये. कारण शतकानुशतके आपल्या पश्चिम किनाऱ्यावर मोठी जहाजे सागवानातच घडत आली. मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्याने मलबारी सागात बांधलेली ‘ट्रिंकोमाली’ ही युद्धनौका १८१७ साली पाण्यात उतरली आणि आजही ती इंग्लंडमधील हार्टलपूल येथे तरंगत आहे. सागाच्या अंगी तेल असते. त्यामुळे पाणी आणि कीड त्याला सहजासहजी जिंकू शकत नाहीत.

याच किनाऱ्यावर घडलेल्या दोन शिडाच्या नौकांची तुलना आज आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहोत. एक मुंबईची ‘सुहैली’, दुसरी गोव्याची ‘म्हादेई’. दोघींच्या जन्मात चव्वेचाळीस वर्षांचे अंतर आहे आणि दोघींनी पृथ्वीप्रदक्षिणा केली आहे.

‘सुहैली’ १९६४ च्या अखेरीस पाण्यात उतरली. लांबी अवघी बत्तीस फूट, डोलकाठ्या दोन. मालक रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन हा व्यापारी जहाजावरचा तरुण इंग्रज अधिकारी होता. पण नौका घडवली ती मुंबईच्या सुतारांनी, वाकस आणि हातगिरमिटासारख्या बापजाद्यांच्या हत्यारांनी, अस्सल सागात. एकट्याने, कोठेही न थांबता जगप्रदक्षिणा करण्याची शर्यत १९६८ साली जाहीर झाली, तेव्हा रॉबिनला खरे तर नवी, मोठी नौका हवी होती. पैसे जमले नाहीत. जुनीच नौका घेऊन तो १४ जून १९६८ रोजी फालमथ बंदरातून निघाला.

वाटेत लाकडाच्या सांध्यांतून पाणी झिरपू लागले. त्याने समुद्रात बुडी मारून फटी बुजवल्या. दक्षिण महासागराच्या लाटांनी नौका आडवी केली, पिण्याचे पाणी नासले, बिनतारी यंत्र मुके झाले, आपोआप सुकाणू धरणारे यंत्र मोडले. तरी ‘सुहैली’ चालत राहिली. तिचा कणा लांब आणि वजनदार होता. अशी नौका मंद चालते, पण एकदा धरलेली दिशा सहसा सोडत नाही. २२ एप्रिल १९६९ रोजी, ३१२ दिवसांनी, ती परतली. नऊ स्पर्धकांपैकी शर्यत पुरी करणारा रॉबिन एकटाच. पाच हजार पौंडांचे बक्षीस त्याने याच शर्यतीत प्राण गमावलेल्या डोनाल्ड क्रोहर्स्टच्या कुटुंबाला देऊन टाकले. नौकेची कीर्ती सांगताना ही गोष्ट गाळणे आम्हांस योग्य वाटत नाही.

आता ‘म्हादेई’. व्हाइस ॲडमिरल मनोहर आवटी यांना निवृत्तीनंतरही एकच ध्यास होता: भारतीय माणसाने, भारतात बांधलेल्या नौकेतून, एकट्याने पृथ्वीला फेरी घालावी. नौदलाचे दिलीप दोंदे या कामासाठी पुढे आले. मांडवीतील दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात डच आराखड्यावरून छप्पन्न फुटांची नौका तयार झाली आणि फेब्रुवारी २००९ मध्ये नौदलात दाखल झाली. नाव मिळाले ते मांडवीच्याच वरच्या प्रवाहाचे. येथेही आत लाकूडच होते. मात्र त्यावर काचतंतू आणि राळेचे कवच चढवलेले, त्यामुळे फळ्यांच्या फटींचा प्रश्न उरला नाही. डोलकाठी एक, पण उंच. दिशा दाखवायला उपग्रह, बोलायला दूरध्वनी. रॉबिनच्या हाती केवळ सेक्स्टंट, घड्याळ आणि सूर्य-तारे होते.

नौकेची पाण्यातली लांबी वाढली की तिच्या वेगाची मर्यादाही वाढते. त्यामुळे ‘म्हादेई’ अधिक वेगाने धावते, यात नवल नाही. दोंदे १९ ऑगस्ट २००९ रोजी मुंबईहून निघाले आणि चार बंदरांत थांबून १९ मे २०१० रोजी परतले. पुढे अभिलाष टॉमी यांनी त्याच नौकेतून १ नोव्हेंबर २०१२ ते ३१ मार्च २०१३ अशा पाच महिन्यांत कोठेही न थांबता फेरी पूर्ण केली. फालमथहून निघणाऱ्याचा मार्ग अधिक लांबीचा असतो, हे लक्षात घेतले तरी फरक मोठा आहे.

मग नवी ती श्रेष्ठ म्हणावी काय? आम्हांस तसे वाटत नाही. दोंदे यांनी या विद्येचे धडे घेतले ते रॉबिन यांच्याकडेच; २००६ साली त्यांच्या शर्यतीच्या तयारीत ते इंग्लंडला राबले होते. जुन्या नौकेचे ज्ञान असे नव्या नौकेत उतरले. उलट, २०१८ मध्ये टॉमी ‘सुहैली’च्याच आराखड्यावर गोव्यात बांधलेल्या ‘तुरीया’तून जुनीच साधने घेऊन शर्यतीत उतरले, तेव्हा हिंदी महासागरातील वादळात डोलकाठी मोडली, पाठीला जबर इजा झाली आणि ‘ओसिरिस’ या फ्रेंच जहाजाने त्यांना वाचवले. समुद्र नौकेचे वय विचारीत नाही.

खरा फरक आम्हांस दिसतो तो माणसांत. ‘सुहैली’ आपल्या सुतारांनी घडवली. पण जगाच्या स्मरणात राहिले ते तिच्या मालकाचे नाव. ‘म्हादेई’च्या वेळी बांधणारा आणि चालवणारा, दोघेही नावानिशी पुढे आले. तिच्याच आराखड्यावर बांधलेल्या ‘तारिणी’तून तर १० सप्टेंबर २०१७ ते २१ मे २०१८ या काळात वर्तिका जोशी आणि त्यांच्या पाच सहकारी महिला अधिकाऱ्यांनी जगाला वळसा घातला.

‘सुहैली’ १९९७ पासून काही वर्षे ग्रीनिचच्या संग्रहालयात होती. तेथील कोरड्या हवेत तिच्या फळ्या आक्रसू लागल्या. शेवटी २००२ साली रॉबिन यांनी तिला बाहेर काढून दुरुस्त केले आणि पुन्हा पाण्यात सोडले. जे कामासाठी घडले ते कामातच टिकते. आमच्या रानातला साग पाहताना आता आम्हांस मुंबईचे ते अनाम सुतारही आठवतात.