पाव, पाऊण, सव्वा: घरातला हिशेब आणि शाळेतली ‘भिन्न’

जाम नदीच्या एका काठाला पांढुर्णा, दुसऱ्या काठाला सावरगाव. १ नोव्हेंबर १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि छिंदवाड्यासोबत हा मराठी पट्टा मध्यप्रदेशात राहिला. २०२३ मध्ये पांढुर्णा आणि सौंसर मिळून वेगळा जिल्हा झाला. घरात मराठी आणि शाळेत हिंदी, हे मात्र अनेक घरांत तसंच आहे. त्यामुळे पोराच्या पुस्तकात ‘भिन्न’ असते आणि नरखेड-काटोलकडच्या मामेभावाच्या पुस्तकात ‘अपूर्णांक’. गणित मात्र एकच.

पुस्तकातले शब्द

एका वस्तूचे सारखे किती भाग केले, ते खालचा आकडा सांगतो. त्यातले किती घेतले, ते वरचा सांगतो. ३/४ म्हणजे चार सारखे भाग करून त्यातले तीन.

- वरचा आकडा: दोन्हीकडे अंश
- खालचा आकडा: मराठीत छेद, हिंदीत हर
- सममूल्य अपूर्णांक (१/२ = २/४): तुल्य भिन्न
- पूर्णांकयुक्त अपूर्णांक: मिश्र भिन्न
- लसावि: लघुत्तम समापवर्त्य
- गुणाकार व्यस्त: व्युत्क्रम

तोंडातले शब्द

पुस्तकातले शब्द वेगळे असले तरी बाजारातले जवळपास सारखेच आहेत: पाव, पाऊण-पौन, सव्वा-सवा, दीड-डेढ, अडीच-ढाई, साडेतीन-साढे तीन. जुन्या पिढीला पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी (साडेतीनचा पाढा) पाठ असायची. तो अपूर्णांकांचा गुणाकारच होता.

तीन गोष्टी ध्यानात ठेवायच्या. ‘सव्वा’ म्हणजे पाव जास्त: सव्वादोन = २ १/४. ‘पावणे’ म्हणजे पुढच्या आकड्याला पाव कमी: पावणेतीन = २ ३/४. आणि शंभरासोबत हेच शब्द गुणाकार करतात: सव्वाशे = १२५, पावणेदोनशे = १७५, अडीचशे = २५०.

बेरीज आणि वजाबाकी

छेद सारखा असेल तर फक्त अंशांची बेरीज करायची. वेगळा असेल तर आधी सारखा करायचा:

१/२ + १/३ = ३/६ + २/६ = ५/६

वर-वर आणि खाली-खाली बेरीज करून २/५ लिहिणं ही नेहमीची चूक. ती ओळखायला सोपी आहे: २/५ अर्ध्यापेक्षाही कमी आहे. अर्ध्यात काही मिळवल्यावर ते कमी कसं होईल?

वजाबाकीही तशीच. साडेतीन एकरांपैकी पावणेदोन एकरात संत्रा असेल तर उरलं किती? ७/२ − ७/४ = १४/४ − ७/४ = ७/४, म्हणजे पुन्हा पावणेदोन. बरोबर अर्धं रान.

गुणाकार: हिश्श्याचा हिस्सा

समजा, ६ एकर शेताचे तीन भावंडांत सारखे हिस्से आहेत, प्रत्येकी १/३. त्यातल्या एकाचा हिस्सा त्याच्या दोन मुलांत सारखा वाटला गेला. प्रत्येक मुलाचा वाटा:

१/२ × १/३ = १/६, म्हणजे १ एकर

कागदावर सही करण्याआधी सगळे हिस्से मिळवून पाहावेत: १/३ + १/३ + १/६ + १/६ = २/६ + २/६ + १/६ + १/६ = ६/६ = १. बेरीज एकपेक्षा कमी आली तर कुणाचा तरी वाटा सुटला. जास्त आली तर तोच तुकडा दोघांच्या नावावर लागला. ही पडताळणी घरी बसून दोन मिनिटांत होते.

भागाकार

३ किलो डाळीच्या पाव-पाव किलोच्या पुड्या किती? ३ ÷ १/४ = ३ × ४ = १२. दुसरा अपूर्णांक उलटवून गुणायचं, कारण प्रत्येक किलोत चार पाव बसतात. दीड किलोच्या ३/२ × ४ = ६ पुड्या.

कॅल्क्युलेटरवर होणारी चूक

पाव = ०.२५, अर्धा = ०.५, पाऊण = ०.७५. काट्यावर पाऊण किलो ०.७५० दिसतं. गडबड होते ती एकर-गुंठ्यात. १ एकर म्हणजे ४० गुंठे, म्हणून १ एकर १० गुंठे म्हणजे सव्वा एकर. कॅल्क्युलेटरवर ते १.२५ लिहायचं, १.१० नाही. १.१० एकर म्हणजे फक्त १ एकर ४ गुंठे. एका टिंबाच्या चुकीत ६ गुंठे जातात. वेळेचंही तसंच: सव्वा तास म्हणजे १.२५ तास, १.१५ नाही.

पोरगं ‘तीन बटे चार’ म्हणून अडलं तर त्याला ‘पाऊण’ म्हणून विचारावं. उत्तर बहुतेक त्याला आधीपासूनच येत असतं.